गाढवाचे तीन पाय

शीपू गावच्या तेवीस घरांकडे मिळून पाऊण गाढव होतं.

उत्तर चीनच्या हेबेई प्रांतात त्सुनहुआ नावाचा तालुका आहे, त्यातलं हे गाव. १९५२ साली गावातल्या सगळ्यात गरीब तेवीस कुटुंबांनी वांग ग्वोफान नावाच्या शेतकऱ्याला पुढे घालून सहकारी शेती सुरू केली. भांडवल मोजायला बसल्यावर हिशेब असा निघाला: जमीन थोडी, अवजारं मोडकी, गाडी नाही, आणि जनावर एकच. त्यातही चौथा हिस्सा या मंडळींत नसलेल्या एका शेतकऱ्याचा. म्हणजे तीन पाय आपले, चौथा त्याचा. गावातल्या खात्यापित्या लोकांनी लगेच नाव ठेवलं, ‘भणंगांची सोसायटी’.

भणंगांनी ते नाव अंगाला लावून घेतलं नाही. ऐन हिवाळ्यात ते पंधराएक किलोमीटरवरच्या डोंगरात गेले, जळण तोडलं, पाठीवर वाहून आणलं आणि विकलं. आलेल्या पैशाला कुणीही घरखर्चासाठी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. त्या पैशातून बैल आला, खेचर आलं, मेंढ्या आल्या, लोखंडी चाकांची गाडी आली. तीन वर्षांत सोसायटी अशी उभी राहिली की नावं ठेवणाऱ्यांपैकीच काहीजण सभासद होण्यासाठी दारात आले.

१९५५ मध्ये माओ त्से तुंग देशभरातल्या सहकारी शेतीचे अहवाल वाचून त्यांचा एक मोठा संग्रह तयार करत होता. शीपूचा अहवाल हाती आल्यावर त्यानं त्यावर टिपण लिहिलं. त्या तीन पायांत त्याला अख्खा चीन दिसला. तेवीस घरांना जे जमलं ते साठ कोटी भणंगांना काही दशकांत का जमू नये, असा त्याचा सवाल होता. दोन वर्षांत त्यातून घोषणा तयार झाली: काटकसरीनं देश उभारा, काटकसरीनं घर चालवा. भिंतींवर, शाळांत, महिला मंडळांत, कारखान्यांच्या फाटकांवर ती झळकू लागली.

या गोष्टीतला गाढवाचा चौथा पाय मात्र कुणी फारसा लक्षात ठेवला नाही. तेवीस घरांना आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हे अगदी पायापर्यंत ठाऊक होतं. किती लाकूड तोडलं, किती विकलं, पैसा कशात गेला, हे प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पोटाला चिमटा काढला तो स्वतःच्या वहीसाठी. पुढच्या पंचवीस वर्षांत ही वही शीपूच्या, आणि शीपूसारख्या लाखो गावांच्या, हातातून कशी निसटत गेली, त्याची ही हकिगत.

येनानची वीज

काटकसरीचं व्रत शीपूच्याही आधीचं, आणि चिनी कम्युनिस्टांनी ते हौसेनं घेतलेलं नव्हतं. राष्ट्रवादी सरकारच्या चँग कै-शेकच्या फौजांपासून निसटत, हजारो मैल चालत माओचे लोक ऑक्टोबर १९३५ मध्ये वायव्येच्या शेन्सी प्रांतात पोचले. १९३७ पासून तिथलं येनान हे त्यांचं मुख्य ठाणं झालं. पिवळ्या मातीचे उघडेबोडके डोंगर, पाऊस बेताचा, लोक डोंगर कोरून केलेल्या घरांत राहणारे. एरवी कसाबसा पोटापुरता पिकणारा हा मुलूख आता सैनिक, कार्यकर्ते आणि शहरांतून ओढीनं आलेले विद्यार्थी यांनाही पोसू लागला.

फेब्रुवारी १९३९ मध्ये माओनं सगळ्यांना एकत्र बोलावून सरळ विचारलं: उपाशी मरायचं, पांगून घरी जायचं, की स्वतःच्या हातांनी पिकवायचं? योगायोग असा की त्याच महिन्यात भारतातून पाच डॉक्टरांचं पथक येनानला पोचलं. काँग्रेसनं पाठवलेल्या या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. तिथलं रुग्णालयही डोंगराच्या पोटातच होतं. शांताराम बापूंच्या चित्रपटामुळे कोटणीसांचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. पण ते ज्या चीनमध्ये गेले तो नुसता लढणारा चीन नव्हता, कुदळ हातात घेतलेला चीन होता.

खरी ओढगस्त सुरू झाली ती १९४१ मध्ये. जपानशी लढायला म्हणून कम्युनिस्ट आणि चँग कै-शेक यांची कागदोपत्री युती होती. जानेवारीत दोघांच्या फौजांत मोठी चकमक उडाली आणि सरकारकडून येणारा पैसा कायमचा तुटला. चहूबाजूंनी नाकेबंदी झाली. मीठ, कापड, कागद, औषधं, सगळ्याचीच वानवा. भार साहजिकच शेतकऱ्यावर आला. त्या वर्षी धान्याच्या रूपात वसूल केलेला सारा आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त होता.

जूनमध्ये येनानला तालुक्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक चालू असताना वीज कोसळली आणि एक अधिकारी जागीच ठार झाला. बातमी बाजारात पसरली तेव्हा कुणी शेतकरी बोलून गेला की देवाला डोळे नाहीत, वीज पडायचीच होती तर त्या माओवर का पडली नाही! सुरक्षा विभागाला हा राजद्रोह वाटला. माओनं मात्र, पुढे १९४५ च्या पक्ष अधिवेशनात त्यानंच सांगितल्याप्रमाणे, वेगळी चौकशी करायला लावली: हा माणूस असं का बोलला? उत्तर होतं धान्याचा सारा. पुढच्या वर्षी तो साधारण पाचव्या हिश्शानं कमी करण्यात आला.

म्हणजे येनानच्या काटकसरीमागे एका शेतकऱ्याचा शापही होता. सारा कमी करायचा तर तूट भरून काढायची कुणी? उत्तर होतं सैन्यानं आणि कचेऱ्यांनी. वांग चेनच्या नेतृत्वाखालची ३५९ वी ब्रिगेड येनानपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या नाननीवान नावाच्या ओसाड खोऱ्यात आधीच उतरली होती. राहायला घरं नव्हती, म्हणून आधी डोंगर कोरले. कुदळी नव्हत्या, म्हणून भंगार लोखंड वितळवून घडवल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे १९४१ मध्ये या ब्रिगेडनं १,८०० एकरांच्या आसपास जमीन लागवडीखाली आणली, १९४४ पर्यंत तो आकडा ४३,००० एकरांवर गेला. येनानमध्ये सेनापती जू द भाजीचा मळा राखत होता. १९४३ च्या सूतकताईच्या स्पर्धेत पुढे पंतप्रधान झालेला चौ एन लाय मांडी घालून चरख्यावर बसला होता. ली डिंगमिंग नावाच्या एका जमीनदारानं, जो पक्षाचा सभासदही नव्हता, सुचवलं की फौज आणि कारभार दोन्ही आटोपशीर करा. ती सूचनाही मानली गेली.

चरखा म्हटलं की मराठी वाचकाला सेवाग्राम आठवणार. पण दोन्हींची जात वेगळी. सेवाग्रामचा चरखा मँचेस्टरच्या कापडाला उत्तर होता आणि त्याला आत्मशुद्धीचीही बाजू होती. येनानच्या चरख्याचं उत्तर नाकेबंदीला होतं, आणि वीज पडू दे म्हणणाऱ्या त्या माणसालाही.

चित्राला एक काळी कडाही आहे. तैवानचे इतिहासकार चेन युंग-फा यांनी त्या काळची कागदपत्रं चाळून दाखवलं की हिशेबाच्या वह्यांत ‘विशेष माल’ या नावानं जे विकलं जात होतं ते अफू होतं, आणि तूट भरून काढण्यात त्या व्यापाराचा वाटा मोठा होता. नाननीवानवर गाणी झाली. विशेष मालावर कुणी गाणं केलं नाही.

कोटणीस तोवर येनान सोडून पूर्वेला, जपान्यांच्या पिछाडीच्या डोंगराळ भागात गेले होते. जानेवारी १९४१ पासून ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, हेबेईतल्या एका खेड्यात त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. ज्या चीनसाठी ते गेले त्यात नेता, शिपाई आणि डॉक्टर यांच्या ताटात फारसा फरक नाही, असं मानलं जात होतं. येनानची सगळी नैतिक पुंजी यातच होती.

साखरेच्या गोळ्या

मार्च १९४९. चँग कै-शेकशी चाललेल्या यादवी युद्धातला विजय हाताच्या अंतरावर आला होता. हेबेईतल्या शीबायपो या खेड्यात पक्षाच्या मध्यवर्ती समितीची बैठक भरली. माओनं बजावलं की बंदुकीच्या गोळीला न डगमगलेले लोक साखरेत घोळलेल्या गोळीला बळी पडतील. नम्रता आणि साधी, कष्टाची राहणी या दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. २३ मार्चला बीजिंगकडे निघताना तो सोबत्यांना म्हणाला की आपण परीक्षेला चाललो आहोत, आपला ली झिचेंग होता कामा नये. १६४४ मध्ये शेतकऱ्यांची फौज घेऊन बीजिंग काबीज करणारा हा बंडखोर. त्याची माणसं राजधानीच्या ऐषारामात बुडाली आणि दीड महिन्याच्या आत त्याला पळ काढावा लागला. गादी मिळवणं वेगळं, ती पचवणं वेगळं, हे माओला इतिहासानं शिकवलं होतं.

गोळी लागायला वेळ लागला नाही. १९५१ च्या अखेरीस भ्रष्टाचार, उधळपट्टी आणि नोकरशाही या तीन गोष्टींविरुद्ध मोहीम उघडण्यात आली. उधळपट्टीला लाचखोरीच्या रांगेत बसवणारं हे राज्य होतं. ल्यू चिंगशान आणि झांग झिशान हे तिआनजिन भागातले दोन जुने, लढाईत तावूनसुलाखून निघालेले पुढारी सरकारी पैसा उधळताना आणि धंद्यात फिरवताना सापडले. १० फेब्रुवारी १९५२ रोजी बावडिंग शहरात जाहीर खटल्यानंतर दोघांना गोळ्या घालण्यात आल्या.

या शिक्षेचा धाक मोठा बसला. पण त्याच मोहिमेत आणखी एक रीत पडली. भ्रष्टाचाऱ्यांना ‘वाघ’ म्हणत, आणि कोणत्या कचेरीनं किती वाघ धरायचे याचे कोटे वरून ठरू लागले. कोटा आला की तो भरावा लागतो. मग खऱ्या वाघांबरोबर मांजरंही पिंजऱ्यात गेली. सद्‍गुण आकड्यात मोजायची सवय इथून लागली.

वाचवलेलं गेलं कुठे

१९५३ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. सोव्हिएत मदतीनं पोलादाचे, यंत्रांचे, विजेचे प्रचंड कारखाने उभारायचे होते. मदत फुकट नव्हती, बहुतेक यंत्रांची किंमत चुकवायची होती. वसाहती नाहीत, परकी भांडवल नाही, मग पैसा आणायचा कुठून? देशात मुबलक होतं ते दोनच: शेतकरी आणि त्याचं धान्य.

त्याच वर्षाच्या शेवटी धान्याची खुली खरेदी-विक्री बंद झाली. शेतकऱ्यानं ठरलेलं धान्य ठरलेल्या भावानं सरकारलाच घालायचं. तो भाव कमी आणि कारखान्यातल्या मालाचा भाव चढा. या दोन भावांमधल्या फटीतून खेड्यांची बचत शहरांतल्या कारखान्यांत वाहू लागली. १९५४ मध्ये कापडाला कुपन आलं, १९५५ मध्ये शहरांत धान्याला. कापडाचा कोटा काही वर्षी इतका खाली गेला की माणशी एक धड कपडा शिवणं मुश्किल. मग ठिगळावर ठिगळ. एक कपडा तीन वर्षं नवा, तीन वर्षं जुना आणि आणखी तीन वर्षं सांधून-शिवून वापरायचा, हे बायकांच्या तोंडी असलेलं गणित होतं. थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा शेंडेफळाला, आणि शेवटी चिंध्यांचे थर खळीनं एकमेकांवर चिकटवून त्यांचे बुटांचे तळवे. गरिबाघरची ही हुशारी पिढ्यान्‌पिढ्यांची होती. सरकारनं तिला राष्ट्रीय धोरणाचा दर्जा दिला.

इथवर सौदा कडक असला तरी समजण्यासारखा होता. आज आपण कमी खाऊ, उद्या मुलांना कारखाने मिळतील. कारखाने उभेही राहिले. पण १९५८ मध्ये माओनं ‘मोठी झेप’ पुकारली आणि सगळा ताल सुटला.

पोलादाचं उत्पादन एका वर्षात दुप्पट करून १ कोटी ७ लाख टनांवर न्यायचं ठरलं. गावोगावी मातीच्या भट्ट्या पेटल्या. त्यात घालायला लोखंड हवं म्हणून घराघरांतल्या कढया, कुलपं, दारांच्या कड्या, कुदळी गोळा करण्यात आल्या. भट्ट्यांसाठी डोंगरांवरची झाडं तुटली. त्यातून निघालेल्या लोखंडापैकी सुमारे ३० लाख टन निरुपयोगी ठरलं. ज्या बाईनं एक कढई वीस वर्षं घासूनपुसून वापरली होती, तिनं ती काटकसरीच्याच नावानं भट्टीत टाकायची होती. नाहीतरी घरी चूल पेटवायची गरजच उरली नव्हती. सहकारी संस्थांचे मोठमोठे कम्यून झाले होते आणि कम्यूनच्या खाणावळीत पोटभर जेवा, असं सांगितलं जात होतं. ऑगस्टमध्ये हेबेईतल्या शूश्वे तालुक्यात माओनं विचारलं की एवढं धान्य पिकलं तर खाणार कसं? दिवसातून पाचदा जेवा, असंही तो म्हणाला.

शीपूची भणंगांची सोसायटीही कम्यूनमध्ये विलीन झाली. आता गाढवाचा कोणता पाय कुणाचा हे विचारण्यात अर्थ नव्हता. सगळी गाढवं सगळ्यांची होती.

पीक आलं त्यापेक्षा कितीतरी जास्त कागदावर आलं. कागदावरच्या पिकावर सरकारी वसुली बसली. १९५९ मध्ये चीननं ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यात केलं. त्याच वर्षी गावांत माणसं झाडांची सालं खरवडत होती. दुष्काळाच्या तीन वर्षांत किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, बऱ्याच अभ्यासकांचा आकडा तीन कोटींच्या आसपास आहे.

एक आकडा या सगळ्याचा अर्थ सांगून जातो. देशाच्या उत्पन्नातला किती हिस्सा खाण्यापिण्यावर न जाता भांडवल म्हणून बाजूला पडतो, त्याला ‘संचयाचा दर’ म्हणतात. पहिल्या योजनेत तो साधारण २४ टक्के होता. १९५९ मध्ये तो ४३.८ टक्क्यांवर गेला. चीनच्या वहीत सर्वांत मोठी बचत लिहिली गेली ती माणसं उपाशी मरत होती त्या वर्षी. यातलं काय शिल्लक टाकायचं आणि काय खायचं, हे ठरवणाऱ्याच्या पोटाला मात्र चिमटा बसत नव्हता.

ठिगळांचं प्रदर्शन

दुष्काळ सरला तशी एक नवी गरज उभी राहिली. लोकांनी पुन्हा कष्टाला लागावं, पण कशाच्या भरवशावर? पोटभर जेवणाचं आश्वासन आता कुणी खरं मानलं नसतं. म्हणून मग आदर्श माणसं उभी करण्यात आली.

त्यांतल्या काहींचा पराक्रम खराच होता. ईशान्येच्या गवताळ, गोठलेल्या मैदानात सप्टेंबर १९५९ मध्ये तेल लागलं. १९६० मध्ये हजारो कामगार तिथे, दाचिंगला उतरले. युमेनच्या तेलक्षेत्रातून आलेला वांग चिनशी आणि त्याची माणसं क्रेनची वाट न बघता साठ टनांचं खोदयंत्र दोर, पहारी आणि खांद्यांच्या बळावर ओढत घेऊन गेली. विहिरीतून वायूचा उद्रेक होण्याची चिन्हं दिसताच, पायाला दुखापत असताना, वांग सिमेंटच्या गाळात उतरला आणि मिश्रण ढवळायला यंत्र नव्हतं म्हणून हातापायांनी ढवळत राहिला. लोक मातीच्या कुटलेल्या भिंतींच्या घरांत राहिले, त्यांच्या बायकांनी कुदळी घेऊन आसपासची जमीन कसली. १९६३ च्या अखेरीस चीननं जाहीर केलं की तेलाच्या बाबतीत देश मोठ्या प्रमाणात स्वयंपूर्ण झाला आहे. वांग चिनशी १९७० मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगानं गेला. त्याच्या कष्टावर हसण्याची कुणाची प्राज्ञा नाही.

लेई फेंगची गोष्ट निराळी. हुनान प्रांतात १९४० मध्ये जन्मलेला हा अनाथ पोरगा सैन्यात ट्रकचालक होता. ऑगस्ट १९६२ मध्ये ट्रक मागे घेताना धक्का लागून पडलेल्या खांबाखाली सापडून तो गेला. वय २१. ५ मार्च १९६३ रोजी माओचा संदेश छापून आला: लेई फेंगकडून शिका. मग त्याची डायरी आली, छायाचित्रं आली. तो स्वतःला क्रांतीच्या यंत्रातला कधीही न गंजणारा स्क्रू म्हणवत असे. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांसाठी राबायचा. साठवलेले पैसे कम्यूनला आणि पूरग्रस्तांना देऊन टाकायचा. ठिगळावर ठिगळ लावलेले त्याचे मोजे काचेच्या पेटीत ठेवण्यात आले. शाळकरी मुलं रांगेनं ते बघून जात.

अनेक वर्षांनी त्याची इतर छायाचित्रं बाहेर आली. त्यांत तो चामड्याचं जाकीट घालून उभा आहे, मनगटावर घड्याळ आहे. कारखान्यात पगार मिळू लागल्यावर त्या काळातल्या कुठल्याही तरुणाला वाटावी तशी हौस त्यानं केली होती. मला या फोटोतला लेई फेंग जास्त आवडतो. ज्याच्याकडे जाकीट होतं आणि तरी ज्यानं पूरग्रस्तांना पैसे दिले, तो काचेच्या पेटीतल्या मोज्यांपेक्षा मोठा माणूस आहे. पण राज्याला माणूस नको होता, मोजे हवे होते.

ठिगळं माओच्या कपड्यांवरही होती. वीसेक वर्षं वापरलेला, ७३ ठिगळांचा त्याचा घरात घालायचा झगा संग्रहालयांची शान आहे. दुष्काळात काही महिने त्यानं मांस सोडल्याचंही आवर्जून सांगितलं जातं. त्याच सुमारास, १९६० ते १९६२ मध्ये, त्याच्या जन्मगावाजवळच्या डोंगरात त्याच्यासाठी ‘डिशुइदोंग’ नावाचा बंगला बांधला जात होता. पुढे १९६६ मध्ये माओ तिथे राहिला, अकरा दिवस. झगा खरा होता आणि बंगलाही खरा होता. झगा प्रदर्शनात होता, बंगला डोंगराआड.

दाझाई

या सगळ्याचा कळस झाला तो शान्सी प्रांतातल्या, शीयांग तालुक्यातल्या दाझाई या गावात. ताईहांग डोंगररांगांतली सत्तर-ऐंशी उंबऱ्यांची ही वस्ती. सात घळी, आठ सोंडा आणि एक उतार, अशी तिची जमीन. पुढारी होता चेन योंगग्वी. डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला, तंबाखूची नळी ओढणारा, चाळिशी ओलांडल्यावर अक्षरं शिकलेला. जपानी गेल्यावर गावातल्या धट्ट्याकट्ट्यांनी आपापला गट केला, तेव्हा चेननं म्हातारी आणि पोरं गोळा करून दुसरा गट बांधला आणि धट्ट्याकट्ट्यांपेक्षा चांगलं पीक काढलं.

‘लांडग्याची घळ’ ही गावातली सगळ्यात आडमुठी जागा. १९५५ च्या हिवाळ्यात लोकांनी तिच्यात दगडी ताली घालून शेतं केली. पुढच्या पावसात पाण्यानं ती वाहून नेली. पुन्हा घातल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळी चेननं ताल सरळ न घालता पाण्याच्या दिशेनं पोट काढलेली, कमानीसारखी रचायला लावली. डोंगरात कोरलेल्या घरांची कमान माथ्यावरचं ओझं कसं पेलते, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती ताल टिकली. कष्टाची खरी करामत इथे आहे: दोनदा हरल्यावर आपल्याच घराच्या छताकडे बघून तिसऱ्यांदा शहाणं होणं.

ऑगस्ट १९६३ मध्ये सात दिवस पाऊस कोसळला. बहुतेक घरं बसली, ताली फुटल्या. सरकारी मदत आली तेव्हा गावानं ती नाकारली. धान्य नको, पैसा नको, सामान नको. दिवसा शेतं सावरली, रात्री घरं बांधली आणि वर सरकारचं धान्यही भरलं. १९६४ मध्ये माओनं सांगितलं की शेतीत दाझाईकडून शिका. वर्षाअखेर चौ एन लायनं संसदेपुढे दाझाईचा गौरव केला.

मग दाझाईचं गाव राहिलं नाही, तीर्थक्षेत्र झालं. लाखो माणसं लांडग्याची घळ बघायला आली. त्यांच्यासाठी विश्रामगृहं झाली, रस्ते झाले. ज्या गावानं मदत नाकारून नाव मिळवलं, तिथे आता सैनिक आणि सरकारी यंत्रं कामाला येऊ लागली. नांगर धरणाऱ्यांपेक्षा फळ्यावर लिहिणारे वाढले. मजुरी ठरवणारे कामाचे गुण देण्याची पद्धतही बदलली. किती घमेली माती वाहिली हे मोजण्याऐवजी प्रत्येकानं सभेत उठून आपली योग्यता सांगायची आणि इतरांनी ती तोलायची. वृत्ती कशी, निष्ठा किती, हेही त्यात आलं. घराजवळचा वैयक्तिक जमिनीचा तुकडा हा भांडवलशाहीचा कोंब ठरला.

देशभर नक्कल सुरू झाली. शीयांगच्या डोंगरात जे शहाणपण होतं ते दुसरीकडे आंधळेपण झालं. नको तिथे तीव्र उतार खणले गेले आणि माती पावसाबरोबर गेली. युन्नानमध्ये १९७० साली दिआन सरोवराचा एक भाग भर घालून शेतीसाठी बुजवला, पण त्या गार, पाणथळ मातीत पीक धड येईना. कमानीची ताल कुणी शिकलं नाही, फक्त ताल शिकले.

चेन योंगग्वी जानेवारी १९७५ मध्ये देशाचा उपपंतप्रधान झाला. बीजिंगमध्येही त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला नाही, आणि शेतकरी म्हणून त्याचं नाव गावच्या गुणांच्या वहीत चालूच राहिलं. तो मनानं खोटा नव्हता. पण त्याच्या शीयांग तालुक्याचे आकडे खोटे होते. १९७३ ते १९७७ या काळात तालुक्यानं धान्याचं उत्पादन जवळजवळ पाव हिश्शानं फुगवून सांगितल्याचं १९८० मध्ये सरकारी वर्तमानपत्रानंच छापलं. डोंगरातून बोगदे काढून पाणी वळवण्याची तालुक्याची अवाढव्य योजनाही त्याच वर्षी अर्ध्यावर सोडण्यात आली. सप्टेंबर १९८० मध्ये चेनचं पद गेलं. १९८६ मध्ये तो वारला, दाझाईच्या डोंगरावरच त्याची समाधी आहे.

वही परत

या सगळ्या काळात हाती काहीच लागलं नाही असं म्हणणं हा दुसरा खोटेपणा होईल. तेल निघालं, धरणं आणि कालवे झाले, पोलाद झालं, ऑक्टोबर १९६४ मध्ये अणुबाँबही झाला. १९४९ च्या सुमारास चाळिशीच्याही आत असलेलं सरासरी आयुर्मान सत्तरच्या दशकाअखेर साठीच्या पुढे गेलं. हे त्या ठिगळांच्या कपड्यांतल्या माणसांनीच केलं. ज्यांनी कमी खाल्लं त्यांच्याकडे मात्र पंचवीस वर्षांनंतरही फारसं काही आलं नव्हतं. शेतकऱ्याच्या ताटातला माणशी धान्याचा वाटा १९५७ च्या पातळीच्या आसपासच घोटाळत होता.

आन्हुई प्रांतातल्या फेंगयांग तालुक्यानं मोठ्या झेपेच्या दुष्काळात पुष्कळ माणसं गमावली होती. तिथल्या शियाओगांग या वस्तीत नोव्हेंबर १९७८ च्या एका रात्री १८ शेतकरी एका घरात गुपचूप जमले. कम्यूनची जमीन त्यांनी घरटी वाटून घ्यायचं ठरवलं. हा गुन्हा होता. पकडलं गेलं तर पुढाऱ्यांना तुरुंग, कदाचित त्याहून वाईट. म्हणून कागद झाला: त्यांना काही झालं तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. त्यावर अंगठे उठले, शिक्के उठले.

पुढच्या हंगामात तिथलं पीक कित्येक पटींनी वाढलं. माणसं तीच, माती तीच, कुदळी त्याच. कष्ट कसे करावेत हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं आणि काटकसरीचे धडे तर त्यांना पाठच होते. थोड्याच वर्षांत चीनभर ही पद्धत पसरली आणि तिचं सूत्र शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं: सरकारचं सरकारला द्या, सोसायटीचं सोसायटीला ठेवा, उरेल ते आपलं.

नीट पाहिलं तर हा शीपूचाच जुना हिशेब आहे. एक पाय त्याचा, तीन आपले.